पावसात पहिली क्रिट मारणाऱ्यांसाठी

क्रिटला, म्हणजे सायकलच्या फेऱ्यांच्या शर्यतीला, नाव घातलं आणि आदल्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, की नव्या गड्याचा फोन ठरलेला: "दादा, उद्या रद्द हुईल काय ओ?" नाही होणार. विजा कडाडायला लागल्या, रस्त्यावर पाणी तुंबलं किंवा झाड आडवं पडलं तर शर्यत थांबते. नुसत्या पावसाला कोणी थांबत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की गोष्ट वेगळी, तेव्हा गावाचं लक्षच दुसरीकडं असतं. एरवी जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कोरडा रविवार शोधत बसलात तर थेट दसराच उजाडेल.

मी हौशी गटात चालवतो. पोडियमवर चढून फोटो काढण्याचा योग अजून आलेला नाही. पण ओल्या रस्त्यावरच्या शर्यती बऱ्याच केल्यात आणि त्यात एकदा सडकून पडलोय. त्या पडण्याबद्दल पुढं सांगतो, कारण चूक अगदी पुस्तकात छापावी इतकी स्वच्छ होती.

आधी शर्यत समजून घ्या

क्रिट म्हणजे क्रिटेरियम. वाहतूक बंद केलेल्या छोट्या रस्त्यावर, साधारण एक-दोन किलोमीटरच्या वर्तुळात, फेऱ्या मारत केलेली शर्यत. पन्हाळ्याच्या चढाला जसा दम लागतो तसा इथं एका झटक्यात लागत नाही, हप्त्याहप्त्यानं लागतो. शर्यत बऱ्याचदा वेळेवर मोजतात, उदाहरणार्थ ३० मिनिटं अधिक २ फेऱ्या. ३० मिनिटं झाली की पंच फलकावर उरलेल्या फेऱ्या दाखवतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते.

मधेच घंटा वाजली तर पुढची फेरी प्रीमची (इंग्रजीत prime). ती फेरी संपताना रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला वेगळं बक्षीस असतं. नवे लोक तिलाच शेवटची घंटा समजून जीव काढतात आणि पुढची पाच मिनिटं नुसते वाहत जातात. म्हणून घंटा ऐकली की फलकाकडे बघायचं. पुढच्यांनी तुम्हाला एक पूर्ण फेरी गाठलं तर पंच बहुतेक वेळा बाहेर काढतात. त्यात लाज नाही, निमूट डावीकडून किंवा सांगतील तिकडून बाहेर व्हायचं.

आता एक हिशेब करा. फेरी १.२ किलोमीटरची, वळणं चार, वेग ताशी ३५. अर्ध्या तासात चौदा-पंधरा फेऱ्या होतात, वरच्या दोन धरल्या की पासष्टच्या आसपास वळणं. कोरड्या दिवशी ही पासष्ट वळणं पायांची परीक्षा घेतात. ओल्या दिवशी ती ब्रेकची परीक्षा घेतात, आणि तिथं दांडगे पाय असून उपयोग नसतो. प्रत्येक वळणाआधी दचकून ब्रेक मारायचा आणि नंतर उठून परत वेग गाठायचा, असं पासष्ट वेळा करणारा माणूस पाय कितीही दांडगे असोत, विसाव्या मिनिटाला मागं लटकतो. ब्रेक लवकर, हलका आणि कमी धरणारा त्याच्यापेक्षा हडकुळा असला तरी शेवटपर्यंत टिकतो.

आदल्या दिवशी सायकल

सगळ्यात आधी हवा. माझ्या पहिल्या पावसाळी शर्यतीआधी उद्यमनगरातल्या एका सायकलवाल्या मामांनी माझं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं.

"हवा हाय का दगड भरलाय ह्यात?"

"मामा, शंभर भरलीय. टायरवर लिहिलीय तेवढीच."

"आरं लेका, त्यांनी जास्तीत जास्त लिहिलंय. जास्तीत जास्त म्हंजे तेवढीच भर असं न्हवं."

मामांचं बरोबर होतं. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. सत्तर किलोच्या आसपासचा माणूस २५ मिलिमीटरच्या टायरवर कोरड्यात ९० पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) चालवत असेल तर ओल्यात ८० च्या आसपास यायचं, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा पाचेक पीएसआय कमीच. टायर २८ चं असेल तर कोरड्यात जो आकडा आहे त्यातून पाच-आठ कमी केले तरी पुरे. हवा कमी केली की टायर रस्त्यावर किंचित पसरतं, डांबराच्या खडबडीत बसतं आणि उड्या मारत नाही. फार कमी करू नका. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली की सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात, आणि आपल्या रस्त्यांना खड्ड्याची कडा शोधावी लागत नाही. सकाळी घाईत दुसऱ्याचा पंप घेऊ नका. दोन पंपांचे काटे दोन आकडे दाखवतात, त्यामुळे घरी ज्या पंपावर ठरवलं त्यावरच भरा.

टायरवरच्या नक्षीची चिंता सोडा. चारचाकीचं टायर पाण्यावर तरंगतं म्हणून सायकलचंही तरंगत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. सायकलचं टायर अरुंद आणि जास्त दाबाचं असतं. पाण्यावर तरंगायला त्याला ताशी दीडशेच्या जवळपास वेग लागेल, तेवढा कोण पळवतंय? गुळगुळीत रोड टायर ओल्या डांबराला व्यवस्थित धरतं. नक्षी नाही म्हणून टायर बदलू नका, जुनं झालं म्हणून बदला. रबर कडक झालंय का, बारीक चिरा पडल्यात का, मधोमध घासून सपाट झालंय का ते बघा. एक खास काम करा. हवा काढून टायर बोटानं दाबत फिरवा आणि चिरांमध्ये अडकलेले काचेचे-खड्याचे कण सुईनं उपसून काढा. पाणी वंगणासारखं काम करतं. ओली काच रबरात सहज शिरते, म्हणून पावसात पंक्चर जास्त होतात.

मग ब्रेक. रिम ब्रेक असेल तर पॅड काढून बघा. ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतील, तेही सुईनं काढायचे. रिम स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. कार्बन रिमवर रिम ब्रेक असेल तर पावसात ती चाकं घरी ठेवा, कोणाकडून तरी साधी ॲल्युमिनियमची मागून आणा. दिखावा कमी होईल पण सायकल थांबेल. डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी तपासा आणि डिस्कच्या आसपास तेलाचा फवारा मारू नका. नवे पॅड शर्यतीच्या सकाळी बसवू नका. त्यांना मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेगातून हळू करत बसवावं लागतं, नाहीतर नुसतं किंचाळतात आणि थांबवत नाहीत.

हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहे ना? नसेल तर पंच उभं राहू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पडल्यावर उघडी नळी मांडीत घुसते. टाइम ट्रायलचे (एकट्यानं वेळेविरुद्ध चालवायच्या शर्यतीचे) पुढं आलेले हात लावले असतील तर ते काढा, घोळक्याच्या शर्यतीत चालत नाहीत.

कपडे आणि खाणं

इथं फार लिहिण्यासारखं नाही. रेनकोट घालून शर्यत करायची नाही, तो पालासारखा फुगतो. कोल्हापूरचा पाऊस थंड असला तरी गोठवणारा नाही, अर्ध्या तासात अंग गरम होतं. स्टार्टपर्यंत मात्र काहीतरी पांघरून राहा. हेल्मेटखाली पुढं चोच असलेली पातळ सायकल टोपी घाला, ती थेंब डोळ्यात येऊ देत नाही. चष्मा पांढऱ्या किंवा पिवळ्या काचेचा. काचेवर साबणाचा कोरडा हात फिरवून पुसून घेतला की वाफ कमी धरते. मांड्या घासतात तिथं व्हॅसलीन. शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा केळी. मिसळ शर्यतीनंतर, आधी नाही. हा नियम मी एकदा मोडलाय, त्याचा तपशील नको.

सकाळी, रस्त्यावर

हे लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. तासभर आधी पोचा आणि एक पूर्ण फेरी चालत मारा. सायकलवरून नाही, चालत. सायकलवर रस्ता दिसतो, चालताना रस्त्याची कातडी दिसते.

पांढरे पट्टे आधी शोधा. झेब्रा क्रॉसिंग, थांबण्याची रेषा, वळणावरचे बाण, गतिरोधकावरचा रंग. ओला रंग पकड देत नाही. वर गटाराच्या चेंबरची लोखंडी झाकणं, ती पावसात काचेसारखी होतात. वळणाच्या नेमक्या आतल्या टोकाला झाकण असेल तर ती वाट सोडून द्यायची, दोन फूट बाहेरून घ्यायची. रिक्षा थांब्याजवळ आणि बस थांबते तिथं तेलाचे डाग असतात. पाण्यावर रंगीत झाक दिसली तर तिथं तेल किंवा डिझेल आहे. कडेच्या पेव्हर ब्लॉकवर हिरवं शेवाळ असतं, तिकडं चाक घालायचंच नाही. झाडाखाली वाळलेली पानं भिजून चिकटलेली असतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर असाल तर भात लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी आणलेला चिखल. आणि हो, म्हशी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं दूध प्यायला आपल्याला आवडतं, म्हणजे म्हशी रस्त्यावरून येणार-जाणार, आणि मागं जे ठेवून जाणार ते पावसात पातळ होऊन पसरणार.

डबक्यातून जायचं नाही, कारण तळ दिसत नाही. चालताना काठी किंवा बूट घालून खोली बघून घ्या, आणि खड्डा असेल तर आयोजकांच्या माणसाला दाखवा. चुन्याची रेघ मारायला त्यांना सांगू नका, ओला चुना निसरडा होतो. खुणेचा शंकू ठेवायला सांगा.

आता प्रत्येक वळणाआधीची एक खूण डोक्यात पक्की करा. विजेचा खांब, पानपट्टी, पिवळं गेट, काहीही. कोरड्यात ज्या खुणेला ब्रेक धराल त्याच्या आधीची खूण ओल्यासाठी निवडा. मग सायकलवर हळू दोन फेऱ्या आणि नंतर एक फेरी वेगात, त्या खुणांवर ब्रेक धरून बघत.

पाऊस कसला आहे तेही बघा. बरेच दिवस उघडीप होऊन पहिली भुरभुर सुरू झाली असेल तर जास्त सावध. रस्त्यावर साचलेली धूळ, तेल आणि रबर त्या थोड्या पाण्यात कालवून साबणासारखं होतं. तासभर धो-धो पडून गेला की तेच पाणी रस्ता धुऊन नेतं. बघायला भीती वाटते, पण पकड बरी असते. भुरभुरीत लोक बेफिकीर असतात आणि मुसळधार पावसात जपून चालवतात, म्हणून पडणारे बहुतेक भुरभुरीत पडतात.

उभं कुठं राहायचं

पुढच्या एक तृतीयांशात. नवीन माणूस लाजून मागं उभा राहतो, वाटतं अनुभवी लोकांना पुढं जाऊ द्यावं. हा समजूतदारपणा घरी ठीक आहे, क्रिटला महाग पडतो. तीस जणांचा घोळका वळणावर येतो तेव्हा पहिला माणूस ताशी ३५ वरून ३० वर येतो. त्याच्या मागचा घाबरून थोडं जास्त हळू होतो, त्याच्या मागचा अजून जास्त. हार्मोनियमचा भाता मिटावा तसा घोळका मिटतो. शेवटच्याला जवळजवळ पाय टेकवायची वेळ येते. मग भाता उघडतो आणि त्याला ४० ने पळून पुढच्यांना गाठावं लागतं. प्रत्येक वळणाला. पाऊस असला की हा भाता दुप्पट मिटतो, कारण प्रत्येक जण जास्त घाबरतो. शिवाय मागं असलात तर पुढच्यांनी उडवलेलं चिखलपाणी तोंडात, आणि कोणी पडलं तर अडकणारे पहिले तुम्ही.

म्हणून बोलावण्याच्या पाच मिनिटं आधी रेषेपाशी जा. एक पाय पेडलच्या क्लिपमध्ये अडकवून ठेवा आणि गिअर मध्यम ठेवा. फार हलक्या गिअरवर उठून जोरात पेडल मारलं तर मागचं चाक ओल्या डांबरावर जागेवर फिरतं. दुसरा पाय क्लिपमध्ये बसला नाही तर खाली बघू नका. चार पेडल तसेच मारा, मग बसवा.

वळण

इथं जरा थांबून वाचा. समजा तुम्ही एक वळण ताशी २५ ने घेताय. तेच ३० ने घेतलंत तर वेग वाढला २० टक्के, पण सायकल बाहेर फेकणारा जोर वाढला ४४ टक्के. तो जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून वळणात थोडा जास्त वेग दिसतो थोडा पण रस्त्याकडून मागतो खूप. आता दुसरी बाजू बघा. वीस मीटर लांबीचं वळण २५ ने पार करायला २.९ सेकंद लागतात आणि ३० ने २.४ सेकंद. फायदा अर्ध्या सेकंदाचा. घसरलात तर अर्धा सेकंद नाही, अख्खा रविवार गेला.

मी घसरलो तो असा. दुसरी फेरी, डावीकडचं काटकोनी वळण, भुरभुर. मी पाचव्या-सहाव्या जागी होतो आणि वेग जास्त आहे हे मला वळणात शिरल्यावर कळलं. सायकल झुकलेली, बोटं ब्रेकवर, पुढचा ब्रेक धरलेलाच, आणि पुढचं चाक झेब्राच्या पहिल्या पट्ट्यावर. आवाज नाही, धक्का नाही. कुस्तीत समोरचा कधी खाली वाकला ते कळू नये आणि पट निघावा, तसा त्या पट्ट्यानं माझा पट काढला. खुबा, कोपर, मग हेल्मेटची बाजू. सायकल माझ्या पुढं दहा फूट घसरत गेली. झुकणं, ब्रेक आणि रंग या तीन गोष्टी एकाच जागी आल्या होत्या. त्यातली कुठलीही एक नसती तर मी बहुतेक वाचलो असतो.

तर वळण असं घ्यायचं. खुणेच्या आधी हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर), दोन बोटं दोन्ही ब्रेकवर. सरळ असतानाच ब्रेक. रिम ब्रेकला पहिला चाकाचा एक फेरा पाणी पुसण्यात जातो, म्हणून खुणेच्या थोडं आधी नुसता हलका स्पर्श करून रिम पुसून घ्या, मग खरा ब्रेक. धरायचा तो लिंबू पिळतो तसा, एकदम नाही. दोन्ही ब्रेक वापरा. मागचं चाक थोडं सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं तर जमीनच. पण पुढच्याला घाबरून सगळा भार मागच्यावर टाकलात तर ते लगेच लॉक होतं आणि सायकल थांबतही नाही. वळण सुरू व्हायच्या आधी एक-दोन गिअर हलका करून ठेवा.

वळणात शिरताना बोटं सैल. ब्रेक सोडलेला. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, आणि त्यावर खरोखर वजन द्या, बसल्या जागी ढुंगण किंचित उचललं जाईल इतकं. आतलं पेडल वर, नाहीतर ते रस्त्याला टेकून मागचं चाक उचलतं. नजर आपल्या चाकावर नको, जिथं बाहेर पडायचंय तिथं. कोपर मोकळे. हात ताठ असले की रस्त्याची प्रत्येक उचकी थेट हँडलमध्ये येते. रेषा गोल आणि रुंद घ्यायची, आतलं टोक कापायच्या नादात चेंबरच्या झाकणावर जायचं नाही. पट्टा टाळता येत नसेल तर निदान त्यावरून जाताना सायकल सरळ ठेवा. पट्ट्याच्या आधी थोडं जास्त वळा, पट्ट्यावर सायकल सरळ उभी ठेवा, पट्टा गेला की परत वळा. सायकल पुन्हा सरळ झाली की मगच पेडलला जोर.

हे शर्यतीत पहिल्यांदा करून चालत नाही. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या रिकाम्या मैदानाच्या डांबरी कडेला किंवा रविवारी ओस पडलेल्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर दोन पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ आकडा काढत राहा. ताशी १५ ने सुरू करा. जोतिबाच्या उतारावर पावसात सराव करायला जाऊ नका. तिथं चूक झाली तर शिकायला दुसरी फेरी मिळत नाही.

घोळक्यात

कोरड्यात पुढच्या चाकाच्या हातभर मागं राहणारे ओल्यात मीटरभर मागं राहा. पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागण्याचा फायदा थोडा घटेल, पण थांबायला जागा मिळेल. अगदी मागच्या रेषेत न राहता अर्धा हात बाजूला राहिलात तर फवारा तोंडात येत नाही आणि पुढचं दिसतं. पण पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला तुमचं पुढचं चाक शिरवून ठेवू नका. त्यानं खड्डा चुकवायला हँडल जरा हलवलं की तुमचं चाक त्याच्या चाकाला लागतं आणि पडता तुम्हीच, तो नाही.

बोलत राहा. "डावीकडं खड्डा", "आत येतोय", "हळू". वळणावर आतून घुसून पुढच्याला दाबू नका. ओल्यात आतून घुसणारा माणूस अख्ख्या रांगेला पाडतो आणि शर्यतीनंतर पेठांतल्या फुटबॉलच्या सामन्यासारखी चर्चा होते. वळणात आपली रेषा धरा, कोणाला ओलांडायचं असेल तर सरळ रस्त्यावर.

कोणी पडलं तर

पडलेल्याकडे बघू नका, मोकळ्या जागेकडे बघा. डोळे जिथं जातात तिथंच सायकल जाते, हे कोणी शिकवावं लागत नाही पण ऐनवेळी सगळे विसरतात. ब्रेक दाबून धरला तर तुम्हीही घसराल. वाट नसेलच तर पाय काढून उतरा.

स्वतः पडलात तर आधी रस्त्यातून बाहेर. बऱ्याच क्रिटमध्ये पडलेल्याला किंवा पंक्चर झालेल्याला एक फेरी माफ असते, पंचांजवळच्या जागेतून तो पुढच्या फेरीला परत घोळक्यात शिरतो. शेवटच्या फेऱ्यांत ही सवलत बहुतेक नसते. सुरुवातीच्या सूचनांच्या वेळी हे नीट विचारून घ्या. परत बसण्याआधी हँडल सरळ आहे का, चाक ब्रेकला घासतंय का बघा. उजव्या बाजूला पडला असाल तर मागचा डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) आत वाकलेला असू शकतो. मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर गिअर टाकलात तर तो तारांत जाऊन चाक अडकवेल, म्हणून तो गिअर त्या दिवसापुरता विसरा. डोकं आपटलं असेल, हेल्मेटला तडा असेल किंवा गळ्याजवळच्या हाडावर हात लावल्यावर कळ येत असेल, तर शर्यत संपली. "काय न्हाई झालं, बसतो" असं म्हणणारे लोक नंतर दवाखान्यात भेटतात. आणि एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, वरून कितीही ठीक दिसू दे.

खरचटलेल्या जागी स्वच्छ पाणी भरपूर ओता आणि खडी काढा. घरी गेल्यावर कोणी हळद भरायला धावलं तर आधी धुऊ द्या म्हणावं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारा.

शेवटच्या दोन फेऱ्या

फलकावर २ दिसलं की घोळका आपोआप जोरात होतो आणि वळणावरची शिस्त सुटते. नव्या माणसानं हे दोनच ठरवावं: शेवटच्या वळणातून बाहेर पडताना आपण पुढच्या पाचांत असायचं, किंवा मग मोकळं मागं राहून शर्यत पूर्ण करायची. मधल्या गर्दीत बारावा-तेरावा राहून चमत्काराची वाट बघू नका, ओल्यात शेवटच्या वळणानंतर मागून पुढं यायला जागाच उरत नाही. कोरड्यापेक्षा एक गिअर जड ठेवून शक्यतो बसूनच स्प्रिंट करा. उठलात तर वजन मागं ठेवा, नाहीतर मागचं चाक हलकं होऊन घसरतं.

आणि शेवटची रेषासुद्धा पांढऱ्या रंगाचीच असते, हे विसरू नका. तिच्यावरून सरळ जायचं, हात वर करायचे नाहीत, ब्रेक रेषा ओलांडून बऱ्याच पुढं गेल्यावर. जिंकल्यावर पडलेला माणूस मी पाहिलाय. तो हसत होता, पण गुडघ्यातून रक्त येत होतं.

घरी आल्यावर

आंघोळीआधी सायकल. नळाच्या साध्या पाण्यानं चिखल काढा, प्रेशर पाइपनं बेअरिंगवर मारा करू नका. सीटपोस्ट उपसून काढा आणि सायकल उलटी धरा. फ्रेममधून किती पाणी निघतं ते बघून पहिल्यांदा सगळे चकित होतात. चेन फडक्यानं पूर्ण कोरडी करा, मगच तेल, आणि तेलाचा हात डिस्कला किंवा रिमला लागू देऊ नका. टायर परत एकदा बोटानं तपासा, काचा आज आलेल्या असतात आणि पंक्चर गुरुवारी होतं.

बुटांत वर्तमानपत्र बोळे करून कोंबा, आतला सोल बाहेर काढून वेगळा वाळत घाला. रात्री कागद बदला, पहाटे परत एकदा. आमच्या घरी हे काम आई करते, पण आजचा पेपर वाचून झाल्याशिवाय देत नाही.